पिस्तूल आणि कर्जरोखा

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें भीमा ओलांडली कीं प्रथम कोरेगांव लागतें आणि त्यापुढें सणसवाडी. ज्वारी-बाजरीच्या शिवारांत वसलेलें शिरूर तालुक्यांतील हें खेडें गेल्या कांहीं दशकांत कारखान्यांचें गांव बनलें. नोकरीनिमित्त दूरदूरच्या सुशिक्षित कुटुंबांनीं तेथें बिऱ्हाडें केलीं. अशाच कांहीं परिचित घरांत एका अमेरिकन दूरचित्रवाणीमालिकेवरून रंगलेला वाद मीं ऐकला. मालिकेचें नांव ‘डेडवुड’. ती कांहीं नवी नव्हे. २००४ ते २००६ या अवधींत तिचे छत्तीस भाग दाखविले गेले आणि २०१९ सालीं तिची अखेर सांगणारा एक चित्रपटही निघाला. परंतु चांगलें पुस्तक उशिरां हातीं पडलें तरी ताजेंच वाटतें, तसेंच येथें झालें असावें. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, एवढी शिवराळ भाषा आणि एवढा रक्तपात, यांत कसला आला आहे इतिहास? मधल्या पिढीचें उत्तर असें कीं, खरा इतिहास असाच घाणेरडा असतो. आपण तो धुऊन-पुसून वाचतों, इतकेंच. तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांनीं विचारलें, “आपल्या इतिहासांत किल्ले आहेत, तलवारी आहेत, दरबार आहेत, पण चिखलाचा, उधारीचा, भुकेचा आणि दुकानदारीचा असा इतिहास आपल्याकडे घडलाच नाहीं काय?”

पहिल्या दोन पक्षांचें भांडण जुनें आहे. नाटकांपासून कादंबऱ्यांपर्यंत तें प्रत्येक पिढीनें एकदां तरी भांडून घेतलें आहे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र द्यावयास हवें. कारण तें सणसवाडीपासून बैलगाडीच्या एक-दोन दिवसांच्या मजलीवर पडलेलें आहे आणि त्याचीं वर्षें थेट त्या मालिकेच्या कथेला भिडलेलीं आहेत.

प्रथम मालिकेची हकीकत. डेडवुड हें कल्पित गांव नव्हे. डाकोटा प्रांतांतील ‘ब्लॅक हिल्स’ म्हणजे काळ्या टेकड्यांचा मुलूख हा लाकोटा लोकांचा, असें अमेरिकन सरकारनें १८६८ च्या तहानें लिहून दिलें होतें. १८७४ च्या उन्हाळ्यांत कस्टर या सेनाधिकाऱ्याची तुकडी तेथें गेली आणि सोनें सांपडल्याची बातमी बाहेर फुटली. मग तह कसला आणि हद्द कसली? १८७६ मध्यें एका ओढ्याच्या कांठीं तंबू, लांकडी दुकानें आणि दारूचे गुत्ते यांची रांग उभी राहिली, तेंच डेडवुड. गांवच मुळीं बेकायदा. त्यामुळें तेथें न्यायाधीश नाहीं, पोलीस नाहीं, जागेची सरकारी नोंद नाहीं. २ ऑगस्ट १८७६ रोजीं वाइल्ड बिल हिकॉक या नांवाजलेल्या बंदूकबाजास, तो पत्ते खेळत असतां, जॅक मॅकॉल नांवाच्या इसमानें पाठीमागून गोळी घातली. खाणवाल्यांनीं आपसांत पंचायत भरविली आणि मॅकॉलला निर्दोष म्हणून सोडून दिलें. पुढें यँक्टन या प्रांताच्या राजधानींत त्याच्यावर त्याच खुनाबद्दल पुन्हां खटला झाला. एका अपराधाची चौकशी दोनदां करतां येत नाहीं हा नियम तेथें आड आला नाहीं. कारण डेडवुडास कायद्याच्या दृष्टीनें अस्तित्वच नव्हतें, तेव्हां तेथल्या पंचायतीला तें कोठून असणार? १ मार्च १८७७ रोजीं मॅकॉल फांसावर चढला. असली गोष्ट कोणी कादंबरींत लिहिली असती तर आम्हीं प्राध्यापकांनीं तिला अतिरंजित म्हटलें असतें.

मालिकेंत हीं माणसें जवळजवळ सगळीं आहेत. हिकॉक आहे, मॅकॉल आहे, गुत्त्याचा मालक स्वेअरिंजन आहे, लोखंडी सामानाचा व्यापारी आणि पुढें तेथील शेरीफ झालेला सेथ बुलॉक आहे. हीं सर्व होऊन गेलेलीं माणसें. त्यांच्या नात्यागोत्यांत आणि मनोव्यापारांत कर्त्यानें पुष्कळ भर घातली, आणि ती त्याची मुभा आहे. शिव्यांचा प्रश्न मात्र मौजेचा आहे. त्या काळच्या मनुष्यास जी शिवी खरोखर झोंबे ती बहुधा देवाधर्माच्या नांवानें घातलेली असे. ती आज ऐकविली तर प्रेक्षकास हंसूं येईल. म्हणून मालिकेचे कर्ते डेव्हिड मिल्च यांनीं आजच्या कानाला बोंचतील अशा शिव्या पात्रांच्या तोंडीं घातल्या. म्हणजे येथें शब्दांचा खरेपणा सोडून परिणामाचा खरेपणा साधला आहे. यांत दोष नाहीं. परंतु “असेंच बोलत होते” असें म्हणून जी मधली पिढी या भाषेस इतिहासाचा पुरावा समजते, तिनें हें ध्यानांत ठेवावें. चिखल, वाढलेली दाढी आणि रक्ताचा डाग हीही एक वेषभूषाच आहे. पूर्वीच्या चित्रपटांत नायकाची टोपी पांढरी शुभ्र असे, आतां ती मळकी असते. इतिहास तेवढ्यानें जवळ येत नाहीं.

माझ्या मतें या मालिकेचा खरा गुण निराळाच आहे. आरंभीं पिस्तुलें वाजतात. परंतु कथा जसजशी पुढें सरते तसतशीं पात्रें पिस्तुलापेक्षां कागदाला अधिक भिऊं लागतात. गांव प्रांतांत विलीन झालें म्हणजे आज बळकावलेल्या जागेचा हक्क उद्यां मान्य होईल कीं नाहीं, कोणत्या अधिकाऱ्यास किती लांच द्यावी, कोणाची नोंद कोणाच्या आधीं धरावी, या विवंचनेंत सारें गांव असतें. अखेर येतो तो जॉर्ज हर्स्ट, भांडवलवाला. त्यानें १८७७ सालीं शेजारींच घेतलेली होमस्टेक नांवाची खाण २००२ पर्यंत चालली. पिस्तूलवाले आले आणि गेले. खाण सव्वाशें वर्षें राहिली. आणि ज्यांस तहानें ती जमीन लिहून दिली होती ते लाकोटा? ते मालिकेच्या पडद्यावर जवळजवळ नाहींतच. १८७७ च्या कायद्यानें सरकारनें टेकड्या घेतल्या. १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याबद्दल नुकसानभरपाई देण्याचा निर्णय कायम केला. लाकोटांनीं ते पैसे घेण्याचें नाकारलें, कारण त्यांस टेकड्या हव्या होत्या.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. ज्या वर्षीं कस्टरच्या तुकडीस सोनें सांपडलें, त्याच १८७४ सालच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें या गांवीं एक घर पाडलें जात होतें. घर बाबासाहेब देशमुख नांवाच्या गृहस्थाचें. आडनांवच सांगतें कीं, घराण्याला एकेकाळीं वतनाचा मान होता. काळूराम नांवाच्या सावकाराचें त्याच्याकडे १५० रुपये येणें होतें. सावकारानें दिवाणी न्यायालयांत फिर्याद करून हुकूमनामा मिळविला आणि त्या हुकूमनाम्याच्या जोरावर घर ताब्यांत घेऊन पाडावयास आरंभ केला. यांत बेकायदा असें कांहींही नव्हतें. शिक्का होता, सही होती, बजावणी होती. देशमुखाचें गांवांत किती प्रेम होतें हें कळावयास मार्ग नाहीं. परंतु आपल्या डोळ्यांदेखत तुळया उतरतांना पाहून गांवाला जें उमगलें तें एवढेंच कीं, आज देशमुखाचें घर तर उद्यां आपलें.

डेडवुडांत अशा प्रसंगीं काय झालें असतें तें प्रेक्षकास विचारावयास नको. करड्यास गोळी सुटली नाहीं. गांवानें सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानांतून कोणी जिन्नस घेईना, त्यांचीं शेतें कोणी करीना, बलुतेदारांनीं त्यांचीं कामें नाकारलीं. ज्या मनुष्याची श्मश्रु होत नाहीं, ज्याच्या घरीं पाणी येत नाहीं, ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं, त्याच्या पेटींत कितीही हुकूमनामे असले तरी गांवांत राहणें त्यास अशक्य होतें. हा उपाय शेजारच्या गांवांनीं उचलला. बहिष्कार हें आपल्या ग्रामसंस्थेचें फार जुनें शस्त्र. गोरगरिबांवर आणि दलितांवर तें किती निष्ठुरपणें चाललें हें विसरून त्याचा गौरव करणें बरें नव्हे. तरी वरून खालीं चालणारें हें शस्त्र एकदां खालून वर चाललें, ही गोष्ट नोंदण्याजोगी खरीच.

येथें वाचक विचारतील कीं, सावकार तर पेशवाईंतही होते. मग १८७४ सालींच असें काय घडलें? सावकार जुनाच होता; नवा होता तो त्याच्या हातांतला कागद. पूर्वींचा सावकारही व्याज कांहीं कमी घेत नसे. परंतु वसुलीसाठीं त्यास गांवाच्या पाटलाकडे, पंचांकडे, म्हणजे कर्जदाराच्याच सोयऱ्याधायऱ्यांकडे तोंड वेंगाडावें लागे. कुणब्याचें घर, बैल आणि जमीन लिलांवांत काढण्याची सोय त्यास सहसा नव्हती. इंग्रजी अमलानें रयतेशीं थेट सारा ठरविला, जमीन ही विकतां आणि गहाण ठेवतां येणारी वस्तु केली आणि तिच्यापाठोपाठ दिवाणी न्यायालय आणून बसविलें. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापुरांत १८३६ च्या सुमारास ठरविलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत भरल्यावर १८६७ पासून फेरआकारणी झाली, आणि ती कांहीं ठिकाणीं पन्नास टक्क्यांच्याही वर गेली. सारा रोख आणि ठराविक तारखेस; पीक येवो न येवो.

त्यांत १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाच्या खतावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद न केल्यास तें बाद होई. हेतु चांगला होता: व्याज वर्षानुवर्षें सांचत राहूं नये. घडलें तें उलटेंच. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कर्जदारास बोलावून नवें खत लिहून घेई, आणि जुन्या खताचें मुद्दल अधिक व्याज हें नव्या खताचें मुद्दल होई. उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा. शंभर रुपये, दरमहा शेंकडा दोन व्याजानें. तीन वर्षांत १७२ झाले. नवें खत १७२ चें. आणखी तीन वर्षांनीं २९५ रुपये १३ आणे. पुन्हां नवें खत; नवव्या वर्षाअखेर ५०८ रुपये १३ आणे. आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागूं नये, असा. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं तो हिंदूंपुरता राखलाही होता. पण प्रत्येक नव्या खतानें व्याजाचेंच मुद्दल होत असल्यावर दामदुपटीला धरावयाला जागाच उरली नाहीं. शंभराचे पांचशें झाले आणि एकही नियम मोडला गेला नाहीं!

हें खत लिहीत असे कोण? बहुधा गांवचा कुळकर्णी किंवा सावकाराचा कारकून. लिपि मोडी. ज्याचें कर्ज त्यास तें वाचतां येत नसे. खालीं त्याचें नांव दुसराच कोणी लिही आणि तो त्यापुढें आपली निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर. दोन-तीन आडव्या-उभ्या रेघांचें तें चित्र पुष्कळ जुन्या घरांतल्या पेटाऱ्यांत अद्यापि पाहावयास सांपडेल. अक्षरशत्रु मनुष्यानें आपल्या जगण्याच्या साधनाची खूण करावी आणि त्याच खुणेनें तें साधन गहाण पडावें, असा हा प्रकार होता. पुढें फिर्याद होई तेव्हां कुणबी न्यायालयांत क्वचितच जाई. खर्च, अंतर आणि भीति यांपायीं हुकूमनामे पुष्कळदां एकतर्फीच होत.

या कथेस अमेरिकेचाही एक धागा आहे, आणि शाळेच्या पुस्तकांतून तो अंमळ ठसठशीतच विणला गेला आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तेथील कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. युद्ध संपतांच भाव कोसळला आणि शेतकरी बुडाला, असें सांगतात. परंतु पुणें जिल्ह्याच्या या पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत कापूस असा होता किती? येथलें पीक ज्वारी-बाजरीचें. कापसाचा परिणाम झाला तो मुख्यतः आडवाटेनें: पैसा स्वस्त झाला, उधारी सैल झाली, धान्याचे भाव चढले, त्यांतच आगगाडीच्या कामांवर मजुरी मिळाली, भोर घाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. पुढें कामें संपलीं, भाव उतरले, सावकारानें हात आंखडला. सारा मात्र चढला. मॅकॉलच्या देशांतील तोफांचा आवाज भीमथडीच्या कुणब्यास ऐकूं आला तो असा, सावकाराच्या दुकानांतून.

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यांतील सुपें. आतां हें गांव बारामती तालुक्यांत मोडतें. शहाजीराजांच्या पुणें-सुपें जहागिरीमुळें हें नांव आपल्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु १८७५ सालीं त्याची प्रसिद्धि बाजाराचें मोठें गांव म्हणून, आणि बाजार तेथें सावकार. त्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि दुकानांवर तुटून पडले. धान्य लुटलें, कांहीं घरांस आग लावली. परंतु त्यांस मुख्यतः हवे होते ते कागद. खतें, रोखे, हुकूमनामे, वह्या. ते बाहेर काढून त्यांची होळी केली. येथून दंगा पुणें आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरला आणि दोन महिन्यांपर्यंत धुमसत राहिला. पद्धत बहुतेक ठिकाणीं एकच. जमाव येई, सावकाराकडे कागद मागे. त्यानें निमूटपणें दिले तर ते जाळून लोक घरीं जात. हुज्जत घातली तर घराला आग लावण्याची धमकी, आणि मग कधीं आगही. मनुष्यहत्या हें या दंग्याचें लक्षण नव्हतें. पुढें सरकारनें नेमलेल्या चौकशीमंडळानेंही कागद नष्ट करणें हाच दंगेखोरांचा उद्देश असल्याचें नमूद केलें. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडण्यांत आलीं.

आमच्या तरुण मित्रांस हवी असलेली मालिका ती हीच. मात्र ती रचावयास बसणाऱ्या लेखकाची फजिती होईल, हें आधींच सांगून ठेवतों. वेस्टर्न कथेचें सारें व्याकरण असें: कायदा अद्याप आला नाहीं, म्हणून बलवान् मनुष्य अन्याय करतो, दुसरा बलवान् आणि सज्जन मनुष्य त्याला आडवा जातो, दोघे एका रिकाम्या रस्त्यावर समोरासमोर उभे राहतात. सुप्याला रिकामा रस्ता नव्हता आणि एकटा मनुष्यही नव्हता. पुढारी म्हणून ज्याचें चरित्र लिहावें असा कोणी निघत नाहीं. आणि कायदा? तो तर पुरता येऊन, पाट मांडून बसला होता. डेडवुडचीं माणसें कायद्याची वाट पाहत होतीं, कारण लुटलेली जमीन पक्की करून घेण्यास त्यांस कागद हवा होता. सुप्याचीं माणसें कागद जाळीत होतीं, कारण पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन त्या कागदानें जात होती. एकाच दशकांत, पृथ्वीच्या दोन टोकांस, कागदाचें काम एकच होतें. फक्त कोणी कोणत्या बाजूस उभें राहावयाचें तें निराळें.

इतिहासकारांत या दंग्याविषयीं एकमत नाहीं. रविंदर कुमार यांनीं १९६८ सालीं यांत ग्रामसमाजाची घडी विसकटल्याचें चिन्ह पाहिलें; नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ सालीं लिहिलेल्या निबंधांत या दंग्याचें प्रस्थ म्हणजे एक दंतकथा आहे अशी बाजू मांडली. तीस गांवें म्हणजे कांहीं राज्यक्रांति नव्हे, हें चार्ल्सवर्थ यांचें म्हणणें कबूल केलें पाहिजे. परंतु गांवांची संख्या मोजून प्रसंगाचें वजन ठरत असतें तर डेडवुडसारख्या एका ओढ्याकांठच्या वस्तीवर इतकीं पुस्तकें लिहिलीं गेलीं नसतीं.

या इतिहासांत एक अवघड जागा आहे, आणि आपल्यासारख्या वाचकवर्गानें ती टाळूं नये. दंगेखोरांचा रोख मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. ज्या गांवीं ब्राह्मण सावकारही होते तेथें त्यांच्या वाटेस ते बहुधा गेले नाहींत. सोपा निष्कर्ष असा निघतो कीं, परका सावकार दुष्ट आणि घरचा दयाळू. तो निष्कर्ष खरा मानावयास आधार नाहीं. परका मनुष्य गांवाच्या देवळांत, पंक्तींत, सोयरिकींत नसतो. त्याच्यावर हात टाकणें सोपें असतें, एवढाच त्याचा अर्थ. आज एखाद्या पटकथाकारानें ही कथा घेतली आणि एका जातीला खलनायक करून मोकळा झाला तर तो इतिहासाचा आणि त्या समाजाचा दुहेरी अपराध करील. कारण खत लिहिणारा हात, फिर्याद चालविणारा वकील, हुकूमनाम्याची नक्कल देणारा कारकून, हे कोण होते? आपल्यांतील पुष्कळांचे ते पणजोबा-खापरपणजोबा. त्यांपैकीं अनेक सचोटीचे असतील. ठरलेली फी घेऊन ठरलेलें काम करणारे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हां तो फटका सावकारापेक्षां याच लेखणीवाल्यांच्या पाठीवर अधिक पडला, आणि म्हणूनच आपल्या घरांतून तें पुस्तक फार काळ वाचलें गेलें नाहीं.

ज्यांस नायकावांचून कथा रुचतच नाहीं त्यांच्यासाठीं याच तालुक्यांत दुसरी एक जागा आहे. धामारी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें हा मुलूख पुरता होरपळल्यावर फेब्रुवारी १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशी साथीदारांसह आपला पहिला दरोडा घातला तो या गांवीं. तेथल्या एका व्यापाऱ्याच्या घरीं सरकारी कराचा पैसा ठेवलेला होता; हातीं लागले सुमारें चारशें रुपये. येथें मात्र वेस्टर्नचें सारें साहित्य हजर आहे: रात्र, डोंगर, घोडे, इनाम लावणारें सरकार, पाठलाग करणारा मेजर डॅनियल, जुलै महिन्यांत झालेली अटक, जन्मठेप, एडनचा तुरुंग आणि १८८३ सालचा तेथला मृत्यु. फडक्यांच्या चरित्रांत मला सर्वांत विलक्षण वाटतें तें हें कीं, हा मनुष्य पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांत कारकून होता. सरकारचा हिशेब लिहिणारा हात उठला तो तरवार धरावयाला. सणसवाडीच्या मंडळींस मीं ही हकीकत सांगितली तेव्हां सर्वांस ती एकदम आवडली. करडें आणि सुपें यांची हकीकत ऐकतांना मात्र दोघां-तिघांनीं घड्याळाकडे पाहिलें. यांत त्यांचा दोष नाहीं. एकट्या वीराची कथा ऐकावयास आपण लहानपणापासून शिकलेलों असतों. व्याजाच्या हिशेबाची कथा ऐकावयास कोण शिकवितो?

आणि तरी आपल्या पडद्यानें ही दुसरी कथा एकदां सांगितली होती, आणि तीही फार लवकर. १९२५ सालीं कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची, जमीन गमावून शहरांत मजूर झालेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली. पौराणिक चमत्कारांच्या त्या काळांत एका कंपनीनें कुणब्याची झोपडी आणि सावकाराचा कागद यांवर चित्रपट उभारावा, हें धाडस लहान नव्हे. १९३६ सालीं तो बोलपटाच्या रूपानें पुन्हां निघाला. त्यानंतर आपली आवड बदलली. १९७५ च्या ऑगस्टांत ‘शोले’ पडद्यावर आला. सुप्याच्या होळीला त्याच वर्षीं शंभर वर्षें पुरीं झालीं होतीं. अमेरिकन आणि इटालियन वेस्टर्नचा सारा थाट त्या चित्रपटानें उचलून आणला, आणि तो मींही आवडीनें पाहिला आहे. पण त्यांतील रामगढास गब्बरसिंग छळतो, सावकार छळीत नाहीं. त्या गांवांत कोणावर जप्ती आल्याचें आठवत नाहीं.

चौकशीमंडळानें साऱ्याच्या वाढीस मुख्य कारण मानलें नाहीं. ठपका सावकारीवर ठेवला. सरकारनें नेमलेलें मंडळ सरकारच्या साऱ्याविषयीं असेंच म्हणणार हें उघड होतें. १८७० सालीं स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा त्याच्या उलट सांगत होती. तथापि मंडळाच्या कामाचें फळ म्हणून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस तो लागूं पडला. न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर न थांबतां मूळ देणें किती होतें हें आंत शिरून तपासावें, शेतकऱ्यास कर्जापायीं तुरुंगांत घालूं नये, खत गांवच्या नोंदणीकारासमक्ष व्हावें, अशीं कलमें त्यांत होतीं. पुढें न्यायमूर्ति रानडे हेही या कायद्याखालीं खास न्यायाधीश होते. जाळलेल्या कागदांतून निदान एक चांगला कागद निघाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

सावकारांनीं त्यावर तोड काढली. गहाणखत लिहून घेतलें तर न्यायालय आंत शिरून पाहतें. म्हणून ते कर्जदाराकडून उघड खरेदीखतच लिहून घेऊं लागले. पैसे फिटले कीं जमीन परत देऊं, हें वचन तोंडीं. कागदावर जमीन विकलेली. प्रत्यक्षांत तोच कुणबी तेंच शेत आतां कूळ म्हणून नांगरी आणि व्याजाच्या जागीं खंड भरी. हे व्यवहार इतके वाढले कीं, पुढें त्या कायद्यांत दुरुस्ती करून, लेखी खरेदीखताविरुद्ध असल्या तोंडी वचनाचा पुरावा ऐकण्याची मुभा न्यायाधीशांस द्यावी लागली.